सरकारी आयटी कंत्राट: पोलीस पडताळणीपासून शेवटच्या देयकापर्यंत

मंत्रालयातला एखादा विभाग, महापालिका, बंदर किंवा सरकारी बँक यांचं संगणकाचं काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्याला काळजी असते ती कामाची. सर्व्हर चालेल ना, डेटा नीट उतरेल ना. कामाचं तो निभावून नेतो. अडतं ते दुसरीकडे. पॅनकार्डावर एक नाव आणि कार्यारंभ आदेशात दुसरं, आधारवर गावचा पत्ता आणि राहणं डोंबिवलीत, देयकावर बँकेचा जुना आयएफएससी. प्रवेशपत्र महिनाभर लटकतं, कापलेला कर खात्यात दिसत नाही आणि झालेल्या कामाचे पैसे पुढच्या आर्थिक वर्षात जातात. म्हणून या लेखात तांत्रिक भाग नाही. सुरक्षा पडताळणी आणि कर या दोन गोष्टी कोणत्या क्रमाने उरकायच्या एवढंच आहे.

सगळ्यात आधी: तुम्ही पगारदार की व्यावसायिक?

मुंबईतल्या सरकारी आयटी कामाची साखळी बहुधा लांब असते. विभाग काम मोठ्या कंपनीला देतो, ती कंपनी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीला सांगते आणि एजन्सी तुम्हाला बसवते. तुम्ही या साखळीच्या टोकाला आहात की विभागाशी थेट करार केला आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

एजन्सी पगारपत्रक देत असेल, भविष्य निर्वाह निधी कापत असेल, रजा मोजत असेल तर तुम्ही तिचे कर्मचारी. कर पगाराच्या कलमाखाली कापला जाईल, कर कापल्याचा वार्षिक दाखला (लोक ज्याला फॉर्म १६ म्हणतात तो) मिळेल, नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळेल. जीएसटीचा तुमच्याशी संबंध नाही. या लेखातला कराचा भाग सोडून द्या, पडताळणीचा तेवढा वाचा.

एजन्सी किंवा विभाग ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून पैसे देत असेल, १० टक्के कर कापून पगाराखेरीजच्या कपातीचा दाखला (लोक ज्याला फॉर्म १६ए म्हणतात तो) देत असेल, तर तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आणि पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट आणि दुर्दैवाने बराच दिसतो. बायोमेट्रिक हजेरी, दहा ते सहाची वेळ, रजा घेतली की पैसे कापणार, पण कागदावर मात्र ‘कन्सल्टंट’. म्हणजे नोकरीची बंधनं सगळी आणि भविष्य निर्वाह निधी नाही. रुजू होण्याआधी एजन्सीकडून एका ओळीत लेखी मागा: मला पैसे पगार म्हणून मिळणार की व्यावसायिक शुल्क म्हणून, आणि कर कोणत्या कलमाखाली कापणार. तोंडी ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं तर ‘नंतर’चा भुर्दंड तुम्हालाच बसतो हे धरून चाला.

नाव आणि पत्ता: एक संध्याकाळ द्या

टेबलावर आधार, पॅन, दहावीचं प्रमाणपत्र, बँकेचा रद्द केलेला धनादेश आणि भाडेकरार किंवा वीजबिल ओळीने मांडा. पाचही कागदांवरचं नाव एका कोऱ्या कागदावर जसंच्या तसं उतरवून काढा.

आपल्याकडे हमखास दिसणारे फरक असे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पॅनवर शेवटी. बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. लग्नानंतर आधारवर नवं आडनाव आलं, पॅनवर माहेरचंच राहिलं. क्रम वेगळा असेल तर बहुधा चालून जातं. पण शब्दच वेगळा असेल, ‘दत्तात्रय’चं ‘दत्तात्रेय’ झालं असेल, तर इंग्रजी स्पेलिंग बदलतं आणि संगणक जुळवणी नाकारतो. पॅन हा पाया धरा, कारण कर त्याच्यावर जमा होतो. बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. पॅनच चुकीचं असेल तर आधी तेच दुरुस्त करा. आडनाव पूर्ण बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची प्रत हाताशी ठेवा.

आयएफएससी तपासायला विसरू नका. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक २०२० मध्ये युनियन बँकेत. जुन्या चेकबुकातला रद्द धनादेश जोडला की पैसे परत फिरतात, आणि परत फिरलेले सरकारी पैसे पुन्हा निघायला नवी नोटिंग लागते.

चारित्र्य पडताळणी

आपल्याकडे एकदा मिळवून कुठेही दाखवता येईल असा ‘सुरक्षा परवाना’ साध्या कंत्राटदाराला मिळत नाही. प्रत्येक जागेची, प्रत्येक कंत्राटाची पडताळणी वेगळी. एका विभागाचं प्रवेशपत्र दुसऱ्या दारावर चालत नाही. गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी हा शब्द निविदांमध्ये वाचून नवखे घाबरतात. ती मुख्यतः संवेदनशील क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी असते, एकट्या माणसाने अर्ज करायची गोष्ट नव्हे.

एकट्याला लागतं ते पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. महाराष्ट्र पोलिसांच्या पोलीस क्लिअरन्स सेवेत ऑनलाइन अर्ज करायचा, फोटो, ओळख आणि पत्त्याचे पुरावे आणि काम देणाऱ्याचं पत्र जोडायचं, मग तुमच्या पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं.

इथे दोन चुका ठरलेल्या आहेत.

पहिली चूक: पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स काढणं. ते परदेशी जाणाऱ्यांसाठी आहे. नाव सारखं वाटतं, पण देशातल्या कंत्राटासाठी ते पुढे केलं तर विभाग परत पाठवतो. पाचशे रुपये जातात ते जातात, आठवडेही जातात.

दुसरी चूक: चुकीचं पोलीस आयुक्तालय निवडणं. ‘मी मुंबईत राहतो’ असं आपण सहज म्हणतो, पण पोलिसांची मुंबई दहिसर, मुलुंड आणि मानखुर्दला संपते. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर ठाणे आयुक्तालयात. वाशी, नेरूळ, पनवेल नवी मुंबईत. मिरा रोड, वसई, विरार २०२० पासून स्वतंत्र आयुक्तालयात. कर्जत तर रायगड जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज आपोआप योग्य ठिकाणी जाईल अशी आशा धरू नका, नव्याने करा.

भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, नोटरी केलेला साधा कागद बऱ्याच ठिकाणी पुरत नाही. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली आहे का हेही विचारून घ्या. ती दिलेली नसेल तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न तोच येतो. गेल्या काही वर्षांत घरं बदलली असतील तर अर्जात मागितलेल्या काळातले सगळे पत्ते तारखांसह लिहा. प्रत्येक पत्त्याची चौकशी त्या त्या ठाण्यात जाते, गावचा कायमचा पत्ता कुडाळचा असेल तर तिथेही. पत्ते जितके, तितके दिवस. म्हणून कार्यारंभ आदेशाची वाट न पाहता, निवडीचं पत्र हातात आल्या दिवशी अर्ज करा.

गुन्ह्यांच्या रकान्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वाहतुकीचं ई-चलान म्हणजे गुन्हा नोंद नव्हे. अदखलपात्र तक्रार आणि दखलपात्र गुन्हा यांतही फरक आहे. पण सोसायटीच्या भांडणात, आंदोलनात किंवा कॉलेजच्या मारामारीत तुमचं नाव एफआयआरमध्ये आलं असेल तर ते लिहा. पोलिसांनी ‘बी समरी’ किंवा ‘सी समरी’ (तपास बंद करण्याचा अहवाल) दाखल करून प्रकरण मिटवलं असेल, तर ती समरी न्यायालयाने मान्य केल्याच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून जोडा. ‘मिटलंय ते’ असं तोंडी सांगून भागत नाही, ठाण्याच्या नोंदीत ते तसंच दिसत राहतं. जुना किरकोळ गुन्हा सांगितला म्हणून काम जाईलच असं नाही. लपवला आणि सापडला, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो आणि तो मूळ गुन्ह्यापेक्षा जड पडतो.

सरकारी बँका आणि विमा संस्था याखेरीज स्वतःची पार्श्वभूमी तपासणी करून घेतात: आधीच्या कामाचे दाखले, शिक्षण, कुठे कुठे कर्जाची थकबाकीही. जुन्या क्रेडिट कार्डाची विसरलेली बाकी याच वेळी डोकं वर काढते. अर्जाआधी स्वतःचा क्रेडिट अहवाल एकदा पाहून घ्या.

निविदेत स्वतः उतरत असाल तर आणखी एक कागद: भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशांतल्या बोलीदारांवर २०२० पासून निर्बंध आहेत, त्याबाबतचं स्वयंघोषणापत्र. नमुना निविदेतच असतो. शब्द न बदलता तसाच टंकून सही करा. तो राहिला म्हणून तांत्रिक छाननीत बोली बाद होते.

प्रवेशपत्र, लॅपटॉप आणि सही करताना वाचायच्या ओळी

मंत्रालयात चेहरा ओळखणारी यंत्रणा आणि ‘डिजीप्रवेश’ ॲप आलं आहे. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, नौदल गोदी, बंदर, विमानतळ यांचे नियम त्याहून कडक. तिथे कॅमेऱ्याचा मोबाइल, पेनड्राइव्ह, स्मार्टवॉच दारातच ठेवायची तयारी ठेवा. ओटीपी मोबाइलवर येणार असेल तर आत बसून लॉगिन कसं करायचं हे आदल्या दिवशीच ठरवा. पहिला दिवस वाया जातो तो बहुतेक याच कारणाने.

स्वतःचा लॅपटॉप आत न्यायचा असेल तर विभागाचं पत्र घ्या. त्यात मेक, मॉडेल आणि अनुक्रमांक हवा. अनुक्रमांक खोक्यावरून किंवा बिलावरून लिहू नका, यंत्राच्या तळाशी छापलेला उतरवा आणि प्रणालीत दिसणाऱ्याशी ताडून पाहा. दारावरच्या वहीत ‘परत नेण्यासाठी’ अशी नोंद झाली आहे ना, हे आत जातानाच डोळ्यांनी पाहा. ती नोंद नसेल तर संध्याकाळी तुमचंच यंत्र बाहेर काढायला तुम्हालाच परवानगी लागते, आणि सहानंतर सही करणारा अधिकारी घरी गेलेला असतो.

गोपनीयतेच्या करारावर सही करताना लक्षात ठेवा, शासकीय गुपिते अधिनियम १९२३ फक्त नोकरदारांना लागू नाही. कलम ५ मध्ये सरकारशी करार केलेल्या किंवा पूर्वी करार केलेल्या व्यक्तीचाही उल्लेख आहे. करार संपला तरी जबाबदारी संपत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७० खाली ‘संरक्षित प्रणाली’ म्हणून घोषित झालेल्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरलं तर १० वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणून सहकाऱ्याचा पासवर्ड ‘आजच्या पुरता’ वापरू नका, कितीही घाई असली तरी. स्वतःचं खातं मिळेपर्यंत थांबा आणि थांबल्याचं ईमेलवर कळवा.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. ही जबाबदारी संस्थेची. पण सर्व्हर तुमच्या हातात असेल तर लॉगची डिस्क भरली म्हणून जुने लॉग पुसण्याआधी लेखी विचारा. संकेतस्थळ सरकारी डेटा सेंटरवर चढवायचं असेल तर सर्ट-इनच्या यादीतल्या लेखापरीक्षकाचं सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. त्याचा खर्च आणि वेळ कोणाचा, हे करारात नसेल तर तो तुमच्या माथी येतो. पहिल्या तपासणीत त्रुटी निघतातच. निदान एक फेरतपासणी धरून वेळापत्रक करा.

नोंदण्या

हा भाग सोपा आहे, भराभर उरकता येतो.

उद्यम नोंदणी आधारवर, ऑनलाइन, फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळं खाजगी दलालांची असतात. ही नोंदणी करारावर सही करण्याआधीच करा. उशिरा झालेल्या पैशांवर व्याज मागायची वेळ आली तर नोंदणीच्या तारखेवरूनच वाद घातला जातो.

व्यवसाय कर: महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाला राज्य जीएसटी विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात, मुदत ३० जून. माणसं नेमलीत तर त्यांच्या पगारातून कापून भरण्याची वेगळी नोंदणी. नवखे हा कर हटकून विसरतात आणि निविदेत व्यवसाय कराचं प्रमाणपत्र मागितलं की धावपळ करतात.

निविदेसाठी वर्ग ३ ची डिजिटल सही लागते. राज्याच्या आणि महापालिकेच्या निविदा महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर, केंद्राच्या बऱ्याच खरेद्या जेम या केंद्राच्या खरेदी पोर्टलवर. सही घेताना एन्क्रिप्शनचं प्रमाणपत्रही घ्या. करारासाठी स्टॅम्प पेपर ५०० रुपयांचा घ्या, ऑक्टोबर २०२४ पासून १०० रुपयांचा इतिहासजमा झाला. रक्कम मोठी असेल तर जादा मुद्रांक शुल्क किती, ते विभागाच्या विधी शाखेला विचारा.

जीएसटी: इथे घाई नको

महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. ही मर्यादा पॅनवर मोजतात. म्हणजे सरकारी काम १६ लाखांचं, खाजगी ३ लाखांचं आणि गावच्या घराचं भाडं दीड लाख, तर तुम्ही मर्यादा ओलांडलीत. घरभाडं करमुक्त असलं तरी उलाढालीत धरलं जातं. आयटी सेवेवर दर १८ टक्के. देयकावर सेवा संकेतांक घालावा लागतो: सल्ला आणि साहाय्यासाठी ९९८३१३, रचना आणि विकासासाठी ९९८३१४.

आता नाजूक मुद्दा. केंद्र, राज्य किंवा स्थानिक संस्थेला थेट दिलेली निव्वळ सेवा जर घटनेच्या अनुच्छेद २४३डब्ल्यू किंवा २४३जी खालच्या (नगरपालिका आणि पंचायतींच्या) कामाशी निगडित असेल, म्हणजे पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, नगररचना अशा कामांशी, तर ती करमुक्त आहे. महापालिकेचं काम म्हटलं की ‘जीएसटी नाही’ असं कुणीतरी सांगतं ते यावरून. पण अटी नीट वाचा. सेवा निव्वळ हवी, सोबत हार्डवेअर विकलं तर बसत नाही. सेवा थेट हवी, मधल्या खाजगी कंपनीला बिल दिलं तर बसत नाही. सरकारी मालकीच्या कंपन्या आणि प्राधिकरणं २०२२ पासून या सवलतीतून बाहेर गेली आहेत, त्यामुळे राज्याच्या आयटी महामंडळाला दिलेलं बिल करपात्रच. महापालिकेचं पाणीपट्टीचं सॉफ्टवेअर आणि तिच्याच कर्मचाऱ्यांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर या दोन्हींना एकच उत्तर लागू होईल असं गृहीत धरू नका. विभागाकडून लेखी घ्या आणि करारात ‘लागू असलेला जीएसटी अतिरिक्त’ हे शब्द घालाच. ते नसतील आणि उद्या काम करपात्र ठरलं, तर १८ टक्के तुमच्या खिशातून जातील, वर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज.

दुसरा मुद्दा तारखेचा. जीएसटी पैसे हातात आल्यावर भरायचा नसतो, बिलाच्या तारखेने भरायचा असतो. विभागाने चार महिन्यांनी पैसे दिले तरी कर पुढच्याच विवरणपत्रात. म्हणून करारात प्रत्येक टप्प्याचा शेवट ‘विभागाचं लेखी स्वीकृतीपत्र’ असा लिहून घ्या आणि पैसे त्या टप्प्याशी जोडा. अशा सलग चालणाऱ्या सेवेत बिल टप्पा पूर्ण झाल्यावर द्यायचं असतं. स्वीकृतीपूर्वी विभागाला कागद हवाच असेल तर प्रोफॉर्मा (कच्चं, नमुन्याचं बिल) द्या, कर बीजक (टॅक्स इनव्हॉइस) देऊ नका.

वार्षिक उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तिमाही विवरणपत्राचा पर्याय घ्या. तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या त्या महिन्यापुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत, तिमाहीचं विवरणपत्र महाराष्ट्रात तिमाही संपल्यावरच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत.

कापलेला कर: एक हिशेब शेवटपर्यंत

समजा टप्प्याचे ३,००,००० रुपये ठरले. जीएसटी ५४,०००. बिल ३,५४,००० चं.

विभाग दोन वेगळे कर कापतो आणि नवखे या दोघांची गल्लत करतात. आयकर १० टक्के, जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर फक्त मूळ ३,००,००० वर: ३०,००० रुपये. जीएसटीचा टीडीएस २ टक्के, कराराचं करवजा मूल्य अडीच लाखांवर असेल तर सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रम तो कापतात: ६,००० रुपये. तुमच्या खात्यात येतात ३,१८,०००. त्यातून सरकारला जीएसटीचे ५४,००० द्यायचे, पैकी ६,००० आधीच जमा, म्हणजे ४८,००० भरायचे, खरेदीवरच्या कराची वजावट असेल तर तेवढे कमी. हातात राहतात २,७०,०००. करारात सुरक्षा अनामत बिलातून कापायची अट असेल तर त्याहून कमी. घराचा हप्ता ठरवताना हा आकडा धरा, ३,५४,००० चा नव्हे.

ते ६,००० आपोआप वळते होत नाहीत. जीएसटी पोर्टलवर टीडीएस-टीसीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन ती नोंद ‘स्वीकारा’वी लागते, मग ती रोख खातेवहीत येते. वर्षानुवर्षं न स्वीकारलेल्या रकमा पडून असलेले लोक आहेत. नोंदच दिसत नसेल तर विभागाने आपलं टीडीएस विवरणपत्र भरलेलं नाही किंवा तुमचा जीएसटी क्रमांक चुकवला आहे.

आयकराच्या दराबाबत एक लढाई लढण्यासारखी आहे. २०२० पासून ‘तांत्रिक सेवा’ असेल तर दर २ टक्के, ‘व्यावसायिक सेवा’ असेल तर १०. देखभालीचं कंत्राट असेल तर कंत्राटाच्या कलमाखाली वैयक्तिक व्यावसायिकाला १ टक्का. लेखा शाखा सुरक्षित राहायला १० टक्केच कापते. कार्यारंभ आदेशात कामाचं स्वरूप स्पष्ट लिहून घेतलंत तर बोलायला जागा राहते. पॅन दिला नाही किंवा चुकला तर २० टक्के. व्यावसायिक शुल्कासाठी वर्षाला ५०,००० पर्यंत कपात नाही.

हे क्रमांक लोक १९४जे, १९४सी असेच बोलतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि पगाराखेरीजच्या टीडीएसच्या तरतुदी कलम ३९३ मध्ये एकत्र आल्या. नवा क्रमांक दिसला म्हणून दचकू नका.

आता दिलासा देणारी गोष्ट. माहिती तंत्रज्ञान हा अधिसूचित व्यवसाय असल्याने ५० लाखांपर्यंतच्या जमेवर (रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) अंदाजित उत्पन्नाची सवलत मिळते. जुनं कलम ४४एडीए, नवं ५८. निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवायची, हिशेबवह्या आणि लेखापरीक्षण नाही. वर्षाला १८ लाखांची जमा असेल तर उत्पन्न ९ लाख. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलतीमुळे कर शून्य. कापलेले १,८०,००० परत मिळतात. पण ते मिळतात विवरणपत्र भरल्यावर, तोवर वर्षभर तुमचे पैसे अडकलेले. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून ऑनलाइन मागवा आणि ते पहिल्या बिलाबरोबरच जोडा. बिल गेल्यावर दिलेल्या प्रमाणपत्राचा उपयोग पुढच्या बिलालाच.

हार्डवेअर विकलं असेल तर ती जमा या सवलतीत घालू नका, तो व्यापार आहे. आणि अग्रिम कर: अंदाजित उत्पन्न दाखवणाऱ्यांनी तो १५ मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतं, बाकीच्यांना जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार हप्ते.

देयक आणि मार्च महिना

देयकावर पॅनप्रमाणे नाव, पॅन, जीएसटी क्रमांक, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक व दिनांक, टप्प्याचं करारातलं नाव जसंच्या तसं, स्वीकृतीपत्राचा क्रमांक आणि बँक तपशील हवा. महापालिकेत सॅप या हिशेबाच्या संगणक प्रणालीत विक्रेता क्रमांक उघडावा लागतो, तो आधी उघडून घ्या. राज्याच्या विभागात देयक आहरण व संवितरण अधिकाऱ्यामार्फत (विभागाचे पैसे काढून वाटण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यामार्फत) अधिदान व लेखा कार्यालयात जातं. लेखाशीर्षात, म्हणजे अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या खात्यात, तरतूद असली तरी निधी वितरित झालेला नसेल तर देयक निघत नाही. टेबलावर जाऊन ‘बिल कुठे आहे’ विचारण्यापेक्षा ‘या लेखाशीर्षाखाली निधी वितरित झाला का’ हे विचारा. उत्तर नेमकं मिळतं.

३१ मार्चला न खर्चलेला निधी परत जातो. मार्चमध्ये सगळी खाती एकदम देयकं टाकतात, आक्षेप आला तर पूर्तता करायला दिवस उरत नाहीत. टप्प्याची स्वीकृती फेब्रुवारीअखेर मिळेल असं वेळापत्रक बांधा.

पैसे आल्यावर तीन महिन्यांच्या आत २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा तक्ता, उघडून कपात दिसते का पाहा. दिसत नसेल तर कारण बहुधा तिघांपैकी एक: विभागाने तिमाही विवरणपत्र भरलं नाही, पॅनमध्ये एक अक्षर चुकलं, किंवा पुस्तकी समायोजनाचा (चलनाऐवजी सरकारी खात्यातच कर वळता केल्याच्या नोंदीचा) क्रमांक जुळला नाही. पहिल्या दोन कारणांसाठी विभागाने विवरणपत्र भरायचं किंवा दुरुस्त करायचं असतं. मागणी लेखी करा, सोबत देयकाची प्रत आणि पॅनची प्रत जोडा. जीएसटीसह पूर्ण रकमेवर कर कापला असेल तर २६एएसमध्ये जमा जास्त दिसते. अशा वेळी बिलनिहाय तक्ता करून ठेवा, आयकर खात्याची विचारणा आली की तोच कामी येतो.

पैसे रखडले तर सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी कायद्यात कमाल ४५ दिवसांची मुदत आहे, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. तक्रार या उद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. आधी विभागाला कलमाचा उल्लेख करून पत्र द्या, पोच घ्या. हक्काचे पैसे मागताना अवघडून जाऊ नका. शांत शब्दांत, तारखांसह लिहिलेलं पत्र फाइलमध्ये राहतं आणि पुढच्या अधिकाऱ्यालाही ते वाचावं लागतं.

काम संपल्यावर

प्रवेशपत्र जमा करा आणि जमा केल्याची पोच घ्या. तुमची सगळी खाती, व्हीपीएन आणि डेटाबेसचे अधिकार बंद करण्याची विनंती ईमेलने करा आणि बंद केल्याचं उत्तर मागा. सहा महिन्यांनी त्या खात्यावरून काही घडलं तर तेवढा एक ईमेल तुम्हाला वाचवतो. विभागाचा डेटा तुमच्या लॅपटॉपवर, बॅकअपच्या डिस्कवर, चाचणीच्या क्लाउड खात्यात कुठेही राहिला नाही याची खात्री करून तसं लेखी द्या. ना देय प्रमाणपत्राशिवाय शेवटचं देयक पुढे सरकत नाही.

मग दोन अर्ज एकाच दिवशी आवक शाखेत द्या: सुरक्षा अनामत कोणत्या तारखेला परत मिळणार याची विचारणा आणि काम पूर्ण केल्याच्या दाखल्याची मागणी. दाखल्यात कामाची रक्कम, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि ‘समाधानकारक’ हा शब्द आहे ना ते तिथेच वाचून पाहा. पुढच्या निविदेत अनुभवाचा पुरावा म्हणून हाच कागद लागतो, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की तो मिळवायला महिने लागतात.